दवाखान्याचं दार सगळ्यांसाठी उघडायला शाहू महाराजांना हुकूम का काढावा लागला?

जानेवारी १९१९. कोल्हापूर संस्थानच्या आरोग्य खात्यात काम करणाऱ्या सगळ्यांसाठी दरबारातून एक हुकूम निघाला. मजकूर अगदी सरळ होता. दवाखान्यात येणाऱ्या अस्पृश्य रोग्यांशी सौजन्यानं वागायचं, त्यांना इतरांसारखेच उपचार द्यायचे. सरकारी दवाखाना ही कुणाची खासगी मालमत्ता नाही. शेजारच्या मिरजेत अमेरिकन मिशनचे डॉक्टर जात न बघता रोगी तपासतात, तर आपल्या डॉक्टरांना तसं करायला काय हरकत आहे, असा त्यातला रोख होता. आणि ज्यांना हे जमणार नाही त्यांनी सरळ राजीनामा द्यावा, वर निवृत्तिवेतनही मिळणार नाही.

हुकूम काढणारे राजर्षी शाहू महाराज तेव्हा ४४ वर्षांचे होते. त्यांना गादीवर बसून जवळपास २५ वर्षं झाली होती. कोल्हापुरात मोठा सरकारी दवाखाना तर त्याच्याही आधीपासून होता. मग दवाखाना असताना, डॉक्टर असताना, राजा सुधारक असतानाही असा हुकूम काढायची वेळ का आली?

शाहू महाराज म्हटलं की आपल्याला आरक्षण आठवतं, वसतिगृहं आठवतात, राधानगरीचं धरण आठवतं, खासबागेतल्या कुस्त्या आठवतात. आरोग्य सहसा आठवत नाही. फार तर कोरोनाच्या काळात व्हॉट्सअॅपवर फिरलेला प्लेगचा एखादा किस्सा आठवतो. पण आजारी माणूस आणि दवाखाना यांच्यामध्ये नेमकं काय काय आडवं येतं, हा प्रश्न या राजाच्या कारकिर्दीत पुन्हा पुन्हा समोर आलेला दिसतो.

आजारपणात गेलेले दोन राजे

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतरावांचा जन्म झाला. ते तीन वर्षांचेही नव्हते तेव्हा आई राधाबाई गेल्या. वडील जयसिंगराव गेले तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. मधल्या काळात, १७ मार्च १८८४ रोजी, ते कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले.

ज्या गादीवर ते आले, तिची त्याआधीची काही वर्षं बघण्यासारखी आहेत. दुसरे राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले आणि परतीच्या वाटेवर इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात आजारपणात वारले. वय अवघं वीस. त्यांच्यानंतर गादीवर आलेले चौथे शिवाजी महाराज वेडे झाल्याचं ब्रिटिशांनी ठरवलं आणि त्यांना घरापासून दूर अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं. तिथं देखरेखीला असलेल्या एका गोऱ्या शिपायाशी झटापट झाली आणि २५ डिसेंबर १८८३ रोजी त्यांचा मृत्यू झाला. तेही विशीतच होते. राजाला मानसिक आजार होता की नव्हता यावर आजही वाद होतात. पण उपचाराच्या नावाखाली त्यांना जी वागणूक मिळाली, ती त्या काळच्या कोल्हापूरकरांच्या मनात खोलवर रुतून बसली होती. सरकारी माणूस औषध घेऊन आला की त्याच्यावर विश्वास ठेवावा, असं लोकांना का वाटत नव्हतं, याचं एक कारण इथंही सापडतं.

शाहूंचं शिक्षण राजकोट आणि धारवाडला झालं. फ्रेझर हे त्यांचे शिक्षक. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. वय १९. आणि दोन-अडीच वर्षांतच दुष्काळ आणि प्लेग अशी दोन संकटं एकामागोमाग एक दारात येऊन उभी राहिली.

उंदीर पडले की गाव सोडायचं

१८९६ च्या पावसाळ्यात पाऊस दगा देऊन गेला. धान्य महाग झालं. दरबारनं स्वस्त धान्याची दुकानं काढली, लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून दुष्काळी कामं सुरू केली. त्यातली एक गोष्ट छोटी आहे, पण थांबून बघण्यासारखी आहे. खडी फोडायला येणाऱ्या बायकांची लहान पोरं सांभाळण्यासाठी कामाच्या जागी शिशुगृहं उघडली गेली. आज आपण ज्याला पाळणाघर म्हणतो, तेच. भुकेलेलं मूल आधी आजारी पडतं आणि मग साथीत सापडतं, हे समजायला डॉक्टर असावं लागत नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग सापडला. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. मुंबईतून लोक गावाकडे पळाले आणि त्यांच्या गाठोड्यांबरोबर प्लेगही रेल्वेनं प्रवासाला निघाला. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ मध्येच सुरू झाली होती. म्हणजे संस्थानच्या प्रगतीची जी खूण होती, तीच आता साथीची वाट होती.

पुण्यात काय झालं हे बहुतेकांना माहीत आहे. रँडच्या हाताखाली गोरे सोल्जर घरात घुसले, झडत्या झाल्या, संशयितांना ओढून नेलं गेलं. लोकांनी काय केलं? रोगी लपवले. माळ्यावर, अडगळीत, जिथं जागा मिळेल तिथं. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. आणि याच पुण्यात, त्याआधी काही महिने, सावित्रीबाई फुले प्लेगच्या एका आजारी मुलाला स्वतः उचलून मुलगा यशवंतच्या दवाखान्यात घेऊन गेल्या होत्या. तिथंच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. एकाच शहरात, एकाच साथीत, रोग्यापर्यंत पोहोचायच्या या दोन पद्धती.

कोल्हापूरपुढे हाच पेच होता. प्लेग शहरात शिरला आणि १८९९ च्या आसपास त्यानं जोर धरला. कागदावर बघितलं तर शाहू महाराजांनी घेतलेले निर्णय इंग्रजांपेक्षा फार वेगळे नव्हते. रेल्वेनं येणाऱ्यांची तपासणी, संशयितांना वेगळं ठेवणं, दाट वस्ती रिकामी करणं, लस टोचणं. फरक होता तो हे काम कोण करतंय आणि कसं करतंय यात.

घर सोडायचा मुद्दा घेऊ. गावाबाहेर माळावर झोपडी बांधून राहायचं, हे ऐकायला सोपं वाटतं. पण झोपडीला बांबू, गवत, तट्ट्या लागतात. त्याला पैसे लागतात. आणि घराला कुलूप लावून गेलं की मागं चोऱ्या होतात. म्हणजे गरीब माणूस घर सोडत नव्हता तो अडाणी होता म्हणून नाही, त्याला ते परवडत नव्हतं म्हणून. दरबारनं गरिबांना झोपड्या उभारायला मदत केली आणि रिकाम्या वस्तीवर पहारा बसवला. हे दोन अडथळे दूर झाल्यावर लोकांना बाहेर काढणं सोपं झालं.

इथं थोडं विज्ञान. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन यांनी शोधला होता. पण तो माणसात येतो कसा, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग पसरवते, असं १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी मांडलं, पण ते मान्य व्हायला पुढं बरीच वर्षं गेली. खेड्यातल्या लोकांना मात्र एक गोष्ट अनुभवानं कळली होती. घरात उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा नवं शरीर शोधतात आणि ते शरीर त्याच घरात झोपलेल्या माणसाचं असतं. घर सोडलं की ही साखळी तुटते. शास्त्रज्ञांच्या आधी बायाबापड्यांनी हे ओळखलं होतं, आणि कोल्हापूरच्या कारभाऱ्यांनी त्या शहाणपणाच्या विरोधात न जाता त्याच्या बरोबरीनं काम केलं.

सुईची भीती

लसीचं प्रकरण अवघड होतं. मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये पहिली स्वतःलाच टोचून घेतली. या लसीनं ताप यायचा, दंड सुजायचा. धडधाकट माणसाला सुई टोचून आजारी पाडायचं, हे कुणाला पटणार? अफवांना ऊत आला होता. पुढं १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात एका दूषित बाटलीमुळे लस घेतलेले १९ जण धनुर्वातानं दगावले, तेव्हा तर देशभर भीतीला पुरावाच मिळाला.

कोल्हापुरात प्लेगविरोधी कामाची मुख्य जबाबदारी भास्करराव जाधव यांच्यावर होती. हेच पुढं सत्यशोधक चळवळीतलं मोठं नाव झालं. गोऱ्या सोल्जरऐवजी मराठी बोलणारा, गावगाड्यातले ताणेबाणे माहीत असलेला अधिकारी दारात आला, की लोकांचं ऐकणं बदलतं. तो सांगायचा तेच, पण लोकांना ते आपल्यातल्या कुणीतरी सांगितल्यासारखं वाटायचं.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. शाहू महाराजांनी कोल्हापुरातून प्लेग हद्दपार केला, असं जे अधूनमधून वाचायला मिळतं, ते खरं नाही. प्लेग पुढची कितीतरी वर्षं परत परत येत राहिला, माणसं मरत राहिली. कोणत्याही राजाच्या हातात तेव्हा त्यावरचं औषध नव्हतं. प्रतिजैविकं यायला अजून चार दशकं होती. कोल्हापूरचं वेगळेपण एवढंच की इथं साथीशी लढताना लोकांशी लढाई झाली नाही. हे कमी वाटत असेल तर पुण्याकडे पुन्हा एकदा बघावं.

बाईला तपासायला बाई

कोल्हापूरचा मोठा दवाखाना म्हणजे आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. इंग्लंडच्या युवराजांच्या नावानं १८८० च्या दशकात तो उभा राहिला. आज आपण त्याला सीपीआर म्हणतो, जुने लोक थोरला दवाखाना म्हणतात. पण त्या काळी बायका तिथं यायच्याच नाहीत. पुरुष डॉक्टरला नाडी दाखवणंही संकोचाचं, मग बाळंतपणाचं तर नावच नको.

यावर एक उपाय जवळपास सापडला होता. १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेत फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या आणि कोल्हापूर दरबारनं त्यांना याच दवाखान्याच्या स्त्री विभागाचं काम देऊ केलं. शाहू तेव्हा १२ वर्षांचे, कारभार इतरांच्या हाती होता. आनंदीबाईंना कोल्हापूर नवं नव्हतं. पती गोपाळराव पोस्टात असताना दोघं इथं राहिले होते आणि अमेरिकेला जायच्या विचारानं मूळ धरलं ते इथंच. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं मूल दहा दिवसांत गेलं होतं. त्या दुःखातून डॉक्टर होण्याची जिद्द आली, असं त्यांच्या चरित्रातून दिसतं. पण त्या मायदेशी परतल्या त्या क्षय घेऊन. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. वय २१. कोल्हापुरातल्या खुर्चीवर त्या कधी बसूच शकल्या नाहीत.

शाहू महाराजांच्या काळात ही पोकळी भरून निघाली. मुलींच्या शिक्षणाचं काम पाहणाऱ्या रखमाबाई केळवकर कोल्हापुरात होत्या. त्यांची मुलगी कृष्णाबाई मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर झाली. महाराजांनी तिला पुढच्या शिक्षणासाठी परदेशी जायला पाठबळ दिलं आणि आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये नेमलं. पुढची अनेक वर्षं कोल्हापूरच्या बायकांसाठी दवाखाना म्हणजे डॉ. कृष्णाबाई. इमारत तीच, खाटा त्याच, औषधं तीच. समोर बसलेली व्यक्ती बदलली आणि अर्धी लोकसंख्या दवाखान्याच्या पायऱ्या चढायला लागली.

तरीही काही लोक बाहेरच होते

आता आपण पुन्हा १९१९ च्या हुकुमाकडे येऊ शकतो.

महाराजांनी सत्तेची सूत्रं घेतली तेव्हा दरबारच्या प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण होते. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या, तो निर्णय या पार्श्वभूमीवर वाचला जातो आणि तसाच वाचायला हवा. पण नोकरीत आरक्षण आल्यानं दवाखान्यातला डॉक्टर रोग्याला हात लावेलच असं नाही. नाडी न धरता, जखम न बघता, लांबूनच औषध द्यायचं, ही तेव्हाची रीत होती. आणि हात न लावता आजार तपासता येत नाही. म्हणजे दवाखान्यापर्यंत पोहोचलेला माणूसही उपचारापर्यंत पोहोचत नव्हता.

त्याआधीचं १९१८ हे वर्ष महाराजांसाठी फार वाईट गेलं होतं. जूनमध्ये धाकटे चिरंजीव शिवाजी शिकारीत अपघातानं गेले. त्याच पावसाळ्याच्या अखेरीला इन्फ्लुएन्झाची लाट आली, जिनं देशात एक कोटीहून जास्त माणसं नेली. या घटनांमुळेच हुकूम निघाला असं म्हणायला आधार नाही. पण ज्या डॉक्टरांनी तो वाचला, त्यांनी काही महिन्यांपूर्वीच माणसं पटापट मरताना पाहिली होती, एवढं नक्की.

हुकुमात उदाहरण मिरजेचं होतं, याला कारण आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथं मिशन हॉस्पिटल उभं केलं होतं आणि लांबलांबून लोक डोळ्यांच्या आणि पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी तिथं जायचे. कोल्हापुरातला दलित रोगी रेल्वेनं मिरजेला जाऊन बरा होऊन येत असेल आणि स्वतःच्या राजाच्या दवाखान्यात मात्र त्याला कुणी शिवत नसेल, तर लाज कुणाला वाटायला हवी? हुकुमाचा सूर असाच आहे. त्यानंतर सप्टेंबर १९१९ मध्ये सार्वजनिक विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने सगळ्यांना खुले करणारा आणखी एक हुकूम आला. यातल्या विहिरी महत्त्वाच्या. पटकीच्या काळात कोणत्या पाण्यावर जाता येतं, यावर माणूस जगणार की मरणार हे ठरायचं.

हुकमानं सगळं बदललं का? नाही. हुकूम निघाला म्हणून मन बदलतं असं होत नाही. पण आता भेदभाव करणाऱ्या डॉक्टरची नोकरी आणि पेन्शन पणाला लागली होती. महाराजांनी इथं उपदेश केला नाही, पगाराला हात घातला.

पन्हाळ्याच्या वाडीवरून थोरल्या दवाखान्यापर्यंत

कोल्हापूरपासून साधारण २० किलोमीटरवर पन्हाळा. उन्हाळ्यात दरबारची मंडळी थंड हवेसाठी वर जायची. शाहू महाराजांनी तिथं चहा-कॉफीची लागवडही करून पाहिली. पण गडाच्या पायथ्याच्या आणि मागच्या डोंगरातल्या वाड्यांसाठी हेच अंतर वेगळं होतं. अडलेल्या बाळंतिणीला घेऊन बैलगाडीनं कोल्हापूर गाठायचं, म्हणजे उतार, चिखल आणि अख्खा दिवस.

आज या भागात काय व्यवस्था आहे? नियमानुसार डोंगरी भागात ३,००० लोकसंख्येमागं एक उपकेंद्र आणि २०,००० मागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र असायला हवं. सपाट भागात हेच आकडे ५,००० आणि ३०,००० आहेत. डोंगरासाठी नियम सैल केला, कारण तिथं किलोमीटर कमी असले तरी वेळ जास्त लागतो. २००५ पासून त्याच्याही खाली आशा कार्यकर्ती आहे, साधारण हजार माणसांमागं एक. २०१४ पासून १०८ नंबरची रुग्णवाहिका आहे. कोतोली असो, कळे असो की बाजारभोगाव, साधा ताप, लसीकरण, गरोदरपणातली तपासणी यासाठी आधी उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं, तिथून गरज पडली तर ग्रामीण रुग्णालय आणि शेवटी सीपीआर, अशी ही उतरंड आहे.

यातली सगळ्यात खालची पायरी, म्हणजे गल्लीतलीच, नावानं ओळखणारी आशाताई, ही प्लेगच्या काळात कोल्हापूरला जे उमगलं त्याच्या सगळ्यात जवळ जाते. सुईला घाबरणारी आजी तिचं ऐकते. आणि मानधनासाठी तिलाच वारंवार रस्त्यावर उतरावं लागतं, हेही याच महाराष्ट्रात घडतं.

पन्हाळा लॉज

१९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी तरुण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाचं जाहीर स्वागत केलं. तेव्हाच त्यांची प्रकृती साथ देत नव्हती. मुलाच्या मृत्यूनं ते आतून खचले होते. एकेकाळी तालमीत घुमणारा धिप्पाड देह थकला होता. तरी दौरे, परिषदा, भेटी चालूच होत्या.

मे १९२२ मध्ये ते मुंबईत होते. गिरगावात खेतवाडीत त्यांचा मुक्काम होता त्या बंगल्याचं नाव पन्हाळा लॉज. ६ मे च्या पहाटे तिथं हृदयविकारानं त्यांचं निधन झालं. वय ४७. मुंबईतले डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतानाही उपयोग झाला नाही. देह कोल्हापूरला आणला गेला तेव्हा दर्शनासाठी उसळलेल्या गर्दीत जातपात विचारायची सोय कुणाला राहिली नव्हती.

आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलचं नाव पुढं बदललं आणि ते छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय झालं. त्याला जोडून असलेल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे. सकाळी पन्हाळ्याकडून येणाऱ्या एसटीतून उतरलेली माणसं आजही तिथं केसपेपरच्या रांगेत उभी असतात.